माझ्या नावाचा दमा

संक्रांत जवळ आली की जालन्याच्या बाहेरच्या रस्त्यांवर हुरडा पार्टीचे बोर्ड लागतात. शाळेतून घरी परतताना स्कूटीवर तो वास येतो. गोवऱ्यांचा धूर, आणि त्यात भाजल्या जाणाऱ्या कोवळ्या ज्वारीचा गोडसरपणा. बाकीच्यांच्या तोंडाला पाणी सुटतं. मी मात्र गाडी कडेला लावते, फोन काढते आणि हसनाबादला थोरल्या बहिणीला, आक्काला, लावते. ती "बोल" म्हणते आणि मी काहीतरी फालतू विचारते. भाजी काय केली, थंडी किती आहे, म्हैस व्याली का. उत्तराकडे माझं लक्ष नसतं. एका श्वासात तिचे किती शब्द होतात, तेवढंच मी ऐकत असते.

"तू चोरून माझी तब्येत ऐकून राह्यली," असं तिनं परवा मला पकडलं. "सरळ इचार ना, दम लागतो का म्हणून."

सरळ विचारणं आमच्या घरात कधी नव्हतंच. सगळं तिथूनच सुरू झालं.

मी काळजीखोर आहे, हे आधीच सांगून टाकते. गॅस बंद केला का हे बघायला जिन्यावरून दोनदा परत येणारी बाई मी. त्यात नोकरी शाळेच्या कार्यालयात, लिपिकाची. पंचवीस वर्षं जनरल रजिस्टर सांभाळते आहे. पहिलीत नाव घालताना घाईत कुणीतरी जन्मतारीख चुकीची सांगतं आणि तोच पोरगा पुढे दाढीमिशा घेऊन माझ्या टेबलापुढे उभा राहतो, की बाई, एवढं दुरुस्त करून द्या. मग प्रतिज्ञापत्र, राजपत्र, हेलपाटे. एकदा शाईनं नोंद झाली की माणूस बदलतो, नोंद बदलत नाही. दुसऱ्यांना हे ऐकवताना मी फार शहाणपणाचा आव आणते. आमच्या घरातली नोंद मात्र आम्हीच चुकीची करून ठेवली होती, तीही ठरवून.

आमचं माहेर परतूर तालुक्यातलं, आष्टीच्या जवळचं. तुरीची मळणी चालू होती. आक्का तेव्हा एकोणीस वर्षांची, मी सोळाची. मळणीयंत्राच्या तोंडाशी ती पोतं धरून उभी होती आणि भुसाचा पिवळा लोट सरळ तिच्या अंगावर येत होता. ती खोकायला लागली. नंतर खोकला थांबला आणि नुसता आवाज राहिला, दाराची बिजागरी कुरकुरावी तसा. ती पोत्यावर बसली. तिच्या ओठांचा रंग मला आवडला नाही. आवडला नाही असं आज लिहितेय, तेव्हा मी घाबरून ओरडलेच होते.

दोन दिवसांनी आई आम्हा दोघींना एसटीनं जालन्याला घेऊन गेली, छातीच्या डॉक्टरांकडे. लाकडी बाकं, भिंतीवर फुप्फुसांचं चित्र, औषधांचा वास. कंपाउंडरनं वही पुढे ओढली आणि विचारलं, "पेशंटचं नाव?" आईनं एकदा आक्काकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. आणि म्हणाली, "सुनीता."

सुनीता माझं नाव. आक्काचं शोभा.

त्या वर्षी आक्काला बघायला पाहुणे यायला लागले होते. पोरीला दमा आहे, हा शब्द एकदा गावात फुटला असता तर चहाचे कप धुवायचीही वेळ आली नसती, पाहुणे वेशीवरूनच वळले असते. दमा रक्तात असतो, लेकरांना लागतो, दम्याची बाई शेतात उभी राहत नाही, असं सगळे मानत. चिठ्ठ्या, गोळ्यांची पाकिटं, छातीचे फोटो, कशावरही आक्काचं नाव नको, एवढंच आईच्या डोक्यात होतं. येताना एसटीत मी विचारलं, "माझं नाव काहून सांगितलं?" आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुझं अजून लांब हाये. तवर कोण त्या चिठ्ठ्या वाचतंय."

मी एक दिवस रुसले. मग मला त्याची गंमत वाटायला लागली. आजारी नसताना आजारपणाची फाईल आपल्या नावावर असणं, सोळाव्या वर्षी त्यात थोडा रुबाबही होता.

आक्काचं लग्न हसनाबादला झालं. दाजी चांगले, घर चांगलं, कापूस, मका, थोडी ज्वारी. आक्का ब्लाऊज शिवायची. त्यामुळे दर तीन-चार महिन्यांनी अस्तर आणायला, धागा आणायला जालन्याला येण्याचं निमित्त होतं. मी इथेच नोकरीला लागले होते. ती सकाळच्या गाडीनं यायची, आम्ही दोघी दवाखान्यात जायचो. कंपाउंडरनं "सुनीताबाई" म्हणून पुकारलं की पहिल्या काही वेळा मीच उठायचे. आक्का माझा पदर ओढून मला खाली बसवायची आणि स्वतः आत जायची. आत नळीत जोरात फुंकून घ्यायचे, छाती ऐकायचे, पंप लिहून द्यायचे. तोंडात धरून ओढायचा तो औषधाचा पंप. फाईल माझ्या कपाटात, पंप तिच्या शिलाई मशिनीच्या ड्रॉवरमध्ये. पंपाची सवय लागते, पंप लागला म्हणजे माणूस संपला, असं तिच्या सासरी कुणाकुणाबद्दल बोललं जायचं. म्हणून पंप घेताना ती मशिनीचं पायडल चालू ठेवायची. सुईखाली कापड नसायचं, मशीन नुसतीच धावायची, आणि त्या खडखडाटात पंपाचा आवाज बुडून जायचा. हे तिनं मला हसत हसत सांगितलं होतं आणि मीही हसले होते.

पुढे माझंही लग्न झालं. आमच्या ह्यांना मी पहिल्याच आठवड्यात सगळं सांगून टाकलं. ते मला कधीमधी "कागदावरच्या पेशंट" म्हणून चिडवत. आई गेली. आक्काची लेक कोमल मोठी झाली. आणि आता कोमलच्या लग्नाचं बघायचं म्हणून आईचा दमा लपवायचा, अशी जुन्या खोट्याची मुदत आपोआप वाढत गेली. कुणी मुद्दाम वाढवली नाही.

हुरड्याच्या दिवसांत आक्काची पंचाईत व्हायची. शेतात आगटी पेटली, सगळे भोवती गोल बसले, कणसं निखाऱ्यात खुपसली की ही उठायची. ताक आणते, चटणी राहिली, रेवड्या घरीच विसरले. दाजी मोठ्यानं म्हणायचे, "हुरडा भाजायच्या टायमालाच हिला ताक आठवतं. बसू दे म्हणलं तरी बसत न्हाई." सगळे हसायचे. ती बांधाबांधानं घराकडे निघालेली दिसायची, हळूहळू, मध्ये थांबत. आम्हाला वाटायचं, म्हणजे मला सोडून बाकीच्यांना वाटायचं, बोरं वेचतेय.

कोरोना आला तेव्हा मला पहिला विचार तिचा आला. टीव्हीवर ते सहव्याधी सहव्याधी म्हणायला लागले. कार्यालयात मी हा शब्द कितीतरी परिपत्रकांत वाचला. आशाताई घरोघर फिरून विचारून गेल्या, कुणाला दमा, शुगर, बीपी? आक्काची सासू ओट्यावर बसूनच म्हणाली, "आमच्यात तसलं काई न्हाई बाई." आक्का दारामागे उभी होती. तिनं मला फोनवर सांगितलं तेव्हा मी ओरडले, "अगं, तू तरी बोलायचं." ती म्हणाली, "सगळ्यांपुढं? अन् कोमलचं?" अशा रीतीनं त्या रजिस्टरातही ती ठणठणीत झाली.

पहिल्या दोन लाटा तिला न शिवता गेल्या. त्या काळात मी तिला दिवसातून चार वेळा फोन करायचे, आणि ती वैतागून फोन म्हशीजवळ ठेवून निघून जायची.

मग तिसऱ्या लाटेचा तो जानेवारी आला. ही लाट साधी आहे, सर्दीसारखी आहे, असं जो तो म्हणत होता. लोकांची भीती मेली होती आणि ते खरंही होतं, बहुतेकांना दोन दिवस घसा धरला आणि सुटला. पण 'साधी' हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरायचं. धडधाकट छातीच्या माणसाला साधी. पेपरमध्ये नव्या गोळ्यांबद्दल आलं होतं. सरसकट सगळ्यांना नाही, ज्यांना आधीपासून फुप्फुसांचा किंवा दुसरा मोठा आजार आहे अशांनाच डॉक्टर लिहून देतील, आणि लक्षणं दिसल्यापासून पाच दिवसांच्या आत सुरू करायच्या, असं लिहिलं होतं. मी ते कात्रण कापून फाईलमध्ये ठेवलं. फाईलवर नाव माझंच होतं आणि तरीही हे कागद तिच्या कामाला येणार नाहीत, हे त्या वेळी माझ्या लक्षात आलं नाही. इतकी वर्षं ती फाईल आक्काची, असंच मी धरून चालले होते.

संक्रांतीला तिच्याकडे हळदीकुंकू झालं. दुसऱ्या दिवशी, करीच्या दिवशी, तिचा घसा खवखवायला लागला. तिला वाटलं, शेजारच्या शेतात हुरडा लावलाय, त्याचा धूर. करीपासून तिसऱ्या दिवशी ताप. चौथ्या दिवशी गावाजवळच्या सरकारी दवाखान्यात तपासणी झाली, तीत ती पॉझिटिव्ह आली. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, आधीचा काही आजार? दाजी सोबत होते. ती म्हणाली, नाही. त्यांनी तापाच्या गोळ्या दिल्या, वाफ घ्या म्हणाले, घरी पाठवलं. त्यांनी त्यांचं काम नीटच केलं होतं. त्यांच्यापुढे जी बाई उभी होती तिला कसलाच आजार नव्हता.

घरी तिला वेगळी खोली दिली. दुपारी तिनं फोन केला. "सुने... एक बरं झालं... पहिल्यांदा... दार लावून पंप घेता येतोय." ती हसायला गेली आणि हसू खोकल्यात गेलं. मी शब्द मोजत होते. दोन, तीन, चार. नेहमी एका दमात ती अख्खं गाव सांगायची.

मी तिला म्हणाले, जालन्याला ये, त्या गोळ्या मिळतील. ती म्हणाली, "फाईल तुझ्या नावाची हाये ना. मंग तुझ्याच नावानं चल की. तुझं आधार घे. ह्यांना बाहेर गाडीत बसवू."

आणि मी हो म्हणाले. हे लिहिताना मला लाज वाटते, पण मी लगेच हो म्हणाले. इतकी वर्षं चाललेलं होतं, आणखी एकदा चालेल. तोंडावर मास्क असणार, आधारवरचा फोटो कोण ताडून बघतंय. आई जिवंत असती तर तिनंही हेच केलं असतं.

पाचवा दिवस. करीपासून बोटांवर मोजला तर शेवटचा. सकाळी दाजी गावातल्या एकाची जीप घेऊन आले. आक्का मागच्या सीटवर, शाल गुंडाळून, खिडकीची काच उघडी टाकून बसलेली. मी जालन्याच्या कोविड दवाखान्याच्या दारातच होते, खांद्याला पिशवी, पिशवीत माझी फाईल, माझं आधार. दाजींना म्हणाले, तुम्ही इथंच थांबा, आत एकालाच सोडतात. ते "बराबर" म्हणाले आणि जीपला टेकून उभे राहिले. आम्ही दोघी आत गेलो. दारापासून नोंदणीच्या खिडकीपर्यंत वीस पावलं असतील. त्यात ती दोनदा थांबली.

खिडकीपलीकडे माझ्यासारखीच एक बाई बसली होती. माझ्यासारखीच, म्हणजे पुढे रजिस्टर, हातात पेन, नजर कागदावर. "पेशंटचं नाव?" तिनं विचारलं.

पेन कागदाला टेकलेलं मला दिसत होतं. आणि माझ्या डोक्यात, काळजीखोर बाईच्या डोक्यात येतं तसं, सगळं एकदम पुढपर्यंत दिसलं. सुनीता लिहिलं जाईल. दाखल करावं लागलं तर सुनीता दाखल होईल. पलंगाच्या पाटीवर सुनीता, ऑक्सिजनच्या यादीत सुनीता. आणि आक्काला काही झालं तर दाखल्यावर मी मरेन, आणि माझी बहीण सरकारदरबारी जिवंत राहील. दाजी कुणाचा दाखला घेऊन घरी जातील? मी आयुष्यभर लोकांना नोंदीचं महत्त्व ऐकवत आले होते आणि आता बहिणीचा जीव चुकीच्या रकान्यात लिहायला निघाले होते.

"शोभा," मी म्हणाले. आणि पूर्ण नाव सांगितलं, दाजींच्या नावासकट, हसनाबादसकट.

आक्कानं मास्कच्या वरून माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरू शकत नाही. मी तिला भर बाजारात उभं केल्यासारखं तिनं पाहिलं.

तरुण डॉक्टरांनी बोटाला यंत्र लावलं, छाती ऐकली. "आधीपासून काही त्रास?" मी म्हणाले, "दमा. तीस-एकतीस वर्षांपासून." मागून आवाज आला, "कुणाला?" दाजी होते. आक्काची पाण्याची बाटली जीपमध्ये राहिली होती, ती द्यायला ते आत आले होते. आता कुणाला म्हणून काय सांगणार. खोलीत एकच पेशंट होती.

डॉक्टर म्हणाले, दमा असेल तर गोळ्या आजच सुरू करायला हव्यात, पंपही अजिबात बंद करायचा नाही. पण नुसत्या सांगण्यावरून ते लिहून देऊ शकत नव्हते. नळीत फुंकायची तपासणी त्या दिवसांत संसर्गाच्या भीतीनं बंद होती. जुने कागद आणा, किंवा ज्यांचे उपचार आहेत त्यांची चिठ्ठी आणा. मी फाईल काढली. त्यांनी पहिलं पान पाहिलं, दुसरं पाहिलं. "हे तर कुणा सुनीताचं आहे."

"सुनीता मी," मी म्हणाले. "पण फुप्फुसं हिची आहेत."

त्यांनी मला वेड्यात काढलं नाही, हे त्यांचे उपकार. फक्त म्हणाले, "मग तसं लिहून आणा. आज."

व्हरांड्यात दाजी बाकावर बसले होते. मला वाटलं, आता ओरडतील. निदान विचारतील, आम्हाला फसवलं का म्हणून. ते बाटलीचं झाकण उघडत होते आणि लावत होते. मग म्हणाले, "तिचा तसला आवाज येतो झोपेत. मला वाटायचं, तिचं झोपणंच तसं हाये." थोड्या वेळानं, "मळणीवर मीच उभं करायचो तिला. पोतं धरायला. ती कधी न्हाई म्हणली न्हाई." मी म्हणाले, मी चिठ्ठी आणते, तुम्ही तिच्याजवळ बसा. "जल्दी करा," एवढंच ते म्हणाले.

छातीचे डॉक्टर आता सत्तरीच्या पुढचे, त्यांनी दवाखाना बंद ठेवला होता. मी त्यांच्या घरी गेले. ते फाटकाच्या आत खुर्ची टाकून उन्हात बसले होते. मी फाटकाबाहेरून सांगितलं, "डॉक्टर, मी सुनीता. तुमची जुनी पेशंट." त्यांनी चष्म्यातून नीट पाहिलं आणि म्हणाले, "नाही. सुनीताबाईंना मी ओळखतो."

रस्त्यावर उभं राहून, जाणारे-येणारे ऐकत असताना, मी सगळं सांगितलं. एकोणिसाव्या वर्षीची मळणी, आई, कंपाउंडरची वही. शेवटी म्हणाले, "वय?" मी सांगितलं, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. "म्हणजे तिच्या फुंकण्याचे आकडे मी इतकी वर्षं चुकीच्या वयाशी ताडून बघत आलो." ते उठले, आत गेले. मला वाटलं, संपलं. ते परत आले ते पॅड आणि शिक्का घेऊन. लिहिता लिहिता म्हणाले, "तीन वर्षांनी फार फरक पडत नाही. पण पडला असता तर? तुम्ही मला चकवलंत ते चालेल हो, पण औषधाला चकवलं असतंत तर?" त्यांनी लिहिलं की माझ्याकडे सुनीता या नावानं उपचार घेणारी रुग्ण प्रत्यक्षात शोभा आहे. खाली सही, शिक्का.

गोळ्या पहिल्या दुकानात नव्हत्या, दुसऱ्यात नव्हत्या. तिसऱ्या दुकानदारानं चिठ्ठी दोनदा वाचली, फोन करून खात्री केली आणि मग दिल्या. दुपारी चारच्या सुमाराला आक्कानं पहिल्या गोळ्या गिळल्या. दाजींनी बाटली धरली होती. मी भिंतीला टेकून उभी होते. लोकांना साधी सर्दी होत होती, त्या जानेवारीत आम्ही एका नावासाठी शहरभर धावत होतो. ज्यांच्या घरी असं नाव सांगणारं, धावणारं कुणी नव्हतं, खोकला लपवत घरातच बसून राहिलेली किती माणसं असतील, हा विचार मला तेव्हापासून सोडत नाही.

नऊ दिवस ती दवाखान्यात होती, त्यातले चार ऑक्सिजनवर. गोळ्यांनी वाचली, पंपानं वाचली की आधीच वाचणार होती, हे कुणीच ठामपणे सांगू शकत नाही, डॉक्टरही म्हणाले नाहीत. घरी आली. पूर्वीसारखी नाही. हसनाबादला घराच्या तीन पायऱ्या चढताना ती दुसऱ्या पायरीवर उभी राहते आणि काहीतरी बघत असल्यासारखं करते. मशीन ओट्यावरून खोलीत हलवली, कापसाचं काम बंद. सासूबाई काही दिवस बोलल्या नाहीत, मग एक दिवस स्वतःच सगळ्यांना सांगायला लागल्या, आमच्या शोभीला दमा हाये, तिच्यापुढं धूर करू नका. कोमलला बघायला आलेल्या पाहुण्यांना दाजींनी चहाच्या आधीच सांगितलं. एका घरानं नंतर कळवतो म्हणून कळवलंच नाही. दुसऱ्या घरची बाई म्हणाली, आमच्याकडं भावाला हाये, आम्ही सांगत न्हाई इतकंच. कोमल आता तिथेच नांदते आहे.

इथपर्यंत लिहून थांबता आलं असतं. मी बहिणीसाठी खरं बोलले, धावले, चिठ्ठी आणली, असं लोक म्हणतात आणि मी ऐकून घेते. पण एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती.

लस आली तेव्हा आधी साठीच्या पुढच्यांना दिली, आणि पंचेचाळिशीच्या पुढच्या फक्त आजारी लोकांना. मी शेहेचाळीसची होते, धडधाकट होते आणि भ्यालेली होते. कपाटात माझ्या नावाची दम्याची फाईल होती. एका ओळखीच्या डॉक्टरांनी ती चाळून प्रमाणपत्रावर सही केली आणि मी रांगेत उभी राहून सुई टोचून घेतली. आक्काच्या फुप्फुसांवर. ती माझ्याहून मोठी, खरी आजारी, आणि तिच्या नावाचा एक चिटोरा नव्हता. महिनाभरानं सगळ्याच पंचेचाळिशीच्या लोकांना लस खुली झाली, म्हणजे फरक महिन्याचाच. पण तो महिना कसला होता हे ज्यांनी पाहिलं त्यांना मी काय सांगू. आणि तिच्या गावात लस आली-संपली करत, तापाला भीत, कापसाच्या वेचणीत अडकत, तिचा दुसरा डोस त्या जानेवारीपर्यंत राहूनच गेला होता. तेव्हा मी तिला रोज म्हणायचे, घे गं, घे. मी कधी घेतली, कशी घेतली, ते सांगितलं नव्हतं.

गेल्या रविवारी मी हसनाबादला गेले. सगळे शेतात गेले होते. आम्ही दोघी अंगणात उन्हात बसलो होतो, ती तीळ निवडत होती. मला राहवेना. मी सगळं सांगून टाकलं, एकही शब्द मऊ न करता. फाईल, सही, रांग. तिच्याकडे बघायची हिंमत नव्हती, म्हणून मी परातीकडे बघत बोलत होते. तिची बोटं थांबली.

मी वाट बघत होते की ती उठून आत जाईल.

"मंग," तिनं विचारलं, "ताप आल्ता का तुला, सुई घेतल्यावर?"

"आल्ता. दोन दिवस. लै अंग दुखलं."

"अन् सांगितलं न्हाई तू," आक्का म्हणाली. "मी आले असते ना जवळ बसायला."